क्रमिकेचे दूरचे पद कोडने काढताना उत्तर चुकते किंवा येतच नाही: काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

लक्षणे

पहिली दहा-वीस पदे बिनचूक येतात, पण दूरचे पद मागितले की प्रोग्रॅम अडून बसतो किंवा भलतेच उत्तर देतो, ही तक्रार माझ्याकडे सतत येत असते आणि तिचे मूळ बहुतेक वेळा त्याच चार-पाच ठिकाणी सापडते. त्यामुळे कोड उघडण्यापूर्वी बिघाड नेमका कसा दिसतो, हे मी आधी विचारून घेतो. खालीलपैकी आपले लक्षण कोणते, ते प्रथम ठरवावे.

– उत्तर त्याच क्रमिकेतले असते, पण मागितलेल्या पदाच्या शेजारचे असते.
– एका ठरावीक पदापर्यंत सारे ठीक असते आणि पुढच्याच पदाला ऋण संख्या किंवा आधीपेक्षा लहान संख्या येते.
– उत्तराचे सुरुवातीचे अंक बरोबर असतात, शेवटचे एक-दोन चुकतात.
– उत्तराची बाकी मागितलेली असते आणि बाकी ऋण येते, किंवा लहान पदांना जुळते व मोठ्या पदांना जुळत नाही.
– प्रोग्रॅम चूक दाखवत नाही, पण संपतही नाही.
– रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच बोलावण्याची) मर्यादा ओलांडली, स्टॅक भरला किंवा मेमरी संपली, असा संदेश येतो.
– सुरुवातीच्या एक-दोन पदांनंतर सगळी शून्येच येतात.

यातली पहिली चार लक्षणे चुकीच्या उत्तराची आहेत आणि त्यांचा निकाल थोड्याच वेळात लागतो. पाचवे आणि सहावे बहुधा पद्धतच चुकीची निवडल्याचे लक्षण असते. तिथे वेळ लागतो. शेवटचे एका विशिष्ट प्रकारच्या क्रमिकेत दिसते, त्याचा विचार पुढे केला आहे. उदाहरणांसाठी मी मुख्यतः फिबोनाची क्रमिका (प्रत्येक पद म्हणजे आधीच्या दोन पदांची बेरीज) घेतली आहे, कारण तिची पदे कोणालाही पडताळून पाहता येतात. शून्यावे पद ० आणि पहिले पद १ अशी मोजणी सगळीकडे धरली आहे. जिथे वेगळी धरली आहे तिथे तसे सांगितले आहे.

मोजणी कुठून सुरू होते ते पाहा

ही तपासणी फुकट आहे, कागद-पेन्सिलीने होते आणि तरीही बहुतेक जण ती सर्वांत शेवटी करतात. फिबोनाचीचे दहावे पद कोणते, या प्रश्नाला तीन उत्तरे मिळू शकतात. क्रमिका ०, १, १, २ अशी लिहून पहिल्या शून्याला पहिले पद मानले तर ३४. १, १, २, ३ अशी लिहिली तर ५५. आणि १, २, ३, ५ अशी सुरू केली तर ८९. प्रश्न देणाऱ्याने यांपैकी कोणती मोजणी धरली आहे, हे त्याने दिलेल्या नमुना उत्तरावरूनच ठरते, आपल्या सवयीवरून नव्हे.

उत्तर एका घराने सरकलेले दिसले की शेवटी एक मिळवून किंवा वजा करून मोकळे होण्याचा मोह आवरावा. सुरुवातीची पदे चुकीची भरली असतील तर अशा ठिगळाने एक नमुना जुळतो आणि दुसरा फिसकटतो. त्याऐवजी पहिली दहा पदे हाताने लिहावीत, प्रत्येकाचा क्रमांक शेजारी मांडावा आणि प्रोग्रॅमने छापलेली दहा पदे त्यांच्याशी ओळीने ताडून पाहावीत. शून्यावे, पहिले आणि दुसरे पद स्वतंत्रपणे मागून पाहावे, कारण लूप एकदाही फिरत नाही तेव्हा काय परत जाते, हे फक्त तिथेच कळते. पुढची प्रत्येक तपासणी या दहा पदांच्या भरवशावर उभी आहे. ती जुळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

पहिले चुकलेले पद शोधा

दूरचे पद चुकले एवढे कळून काही हाती लागत नाही; चुकण्याची सुरुवात कुठे झाली ते कळले पाहिजे. लूपमध्ये प्रत्येक पद छापावे आणि नियम जिथे पहिल्यांदा मोडतो तो क्रमांक टिपून ठेवावा. हा क्रमांक बहुधा स्वतःच निदान सांगतो.

चिन्हासह ३२ बिटांच्या पूर्णांकात जास्तीत जास्त २१४७४८३६४७ मावते. फिबोनाचीचे ४६ वे पद १८३६३११९०३ आहे, ते मावते. ४७ वे पद २९७१२१५०७३ आहे, ते मावत नाही, आणि जावासारख्या भाषेत त्याच्या जागी −१३२३७५२२२३ छापले जाते. ही संख्या मला आता पाठ झाली आहे. ती दिसली की पुढे काही पाहावे लागत नाही. ६४ बिटांचा प्रकार घेतला की ९२ व्या पदापर्यंत, म्हणजे ७५४०११३८०४७४६३४६४२९ पर्यंत निभावते आणि ९३ व्या पदाला तीच कथा −६२४६५८३६५८५८७६७४८७८ या रूपात पुन्हा घडते. जावा याबद्दल एका शब्दाने तक्रार करत नाही. सी आणि सी++ मध्ये तर चिन्हासह पूर्णांकाचा ओव्हरफ्लो झाल्यास, म्हणजे संख्या प्रकारात मावेनाशी झाल्यास, काय व्हावे हे भाषेने ठरवलेलेच नाही, त्यामुळे कंपायलरचे ऑप्टिमायझेशन चालू-बंद केल्यावर उत्तर बदलले तरी आश्चर्य वाटायला नको.

प्रकार मोठा केला असे सांगणाऱ्यांच्या कोडमध्येही तीन जागा हमखास सुटतात. एक, पदाचा प्रकार बदललेला असतो, पण क्रमांक साठवणारे चल ३२ बिटांचेच राहते. १० च्या १८ व्या घाताएवढा क्रमांक त्यात वाचताच कापला जातो आणि प्रोग्रॅम प्रामाणिकपणे भलत्याच पदाचे उत्तर काढतो. दोन, दोन लहान पूर्णांकांचा गुणाकार मोठ्या चलात ठेवलेला असतो, पण गुणाकार लहान प्रकारातच होतो आणि चलात पोहोचेपर्यंत नुकसान झालेले असते. तीन, सी++ मधील ‘लाँग’ हा प्रकार विंडोजवर ३२ बिटांचा आणि ६४ बिटांच्या लिनक्सवर ६४ बिटांचा असतो, त्यामुळे एका यंत्रावर चालणारा प्रोग्रॅम दुसऱ्यावर चुकतो. पायथनचे पूर्णांक कितीही वाढतात म्हणून तिथले लोक निर्धास्त असतात, परंतु तीच संख्या नमपाय या पायथनच्या गणिती लायब्ररीच्या अ‍ॅरेमध्ये ठेवली की ६४ बिटांची मर्यादा परत लागू होते.

दशांश अपूर्णांक कुठे शिरला आहे का

सुरुवातीचे अंक बरोबर आणि शेवटचे चूक, हे लक्षण जवळजवळ नेहमी फ्लोटिंग पॉइंटचे असते. नेहमीच्या ६४ बिटांच्या फ्लोटमध्ये पूर्णांकासाठी ५३ बिटांची अचूकता मिळते, म्हणजे ९००७१९९२५४७४०९९२ च्या पलीकडे प्रत्येक पूर्णांक त्यात अचूक बसत नाही. जावास्क्रिप्टमधील साध्या संख्या याच प्रकारच्या असल्याने तिथे नुसती बेरीज करत गेले तरी ७८ वे फिबोनाची पद अचूक राहते आणि ७९ व्यापासून भरवसा संपतो. उपाय म्हणून कितीही मोठे पूर्णांक धरणारा ‘बिगइंट’ हा प्रकार वापरावा.

सुवर्ण गुणोत्तराचा घात करून थेट पद देणारे बिनेचे सूत्र सुंदर आहे, पण कोडमध्ये ते वापरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. पाचचे वर्गमूळ फ्लोटमध्ये मुळातच अंदाजे साठवले जाते, घात करताना तो फरक वाढत जातो आणि सत्तरीच्या थोडे पुढे गेले की पूर्णांकात रूपांतर करूनही शेवटचा अंक चुकतो. याहून चोरटा प्रकार भागाकाराचा आहे. १ ते एनपर्यंतच्या बेरजेच्या सूत्रात पायथन ३ मधील साधे भागाकाराचे चिन्ह वापरले तर उत्तर निःशेष असले तरी फ्लोटच मिळतो. तिथे पूर्णांक भागाकाराचे दुहेरी चिन्हच हवे. कोडमध्ये घात, वर्गमूळ आणि भागाकार हे तीन शब्द शोधावेत; यास मिनिटभर लागते आणि पुष्कळ काही सापडते.

बाकी कुठे आणि कशी घेतली आहे

दूरचे पद प्रचंड असते म्हणून पुष्कळदा त्याला १०००००००७ ने भागून उरणारी बाकीच मागितली जाते. बेरीज, वजाबाकी आणि गुणाकार यांत प्रत्येक पायरीवर बाकी घेतली तरी अंतिम बाकी बदलत नाही, आणि ती तशी प्रत्येक पायरीवर घेतलीच पाहिजे. शेवटी एकदाच बाकी घेणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मूळ संख्या तोवर ओव्हरफ्लो होऊन गेलेली असते, आणि बिघडलेल्या संख्येची बाकीही बिघडलेलीच असते. या भाजकाखालील दोन बाक्यांचा गुणाकार १० च्या १८ व्या घाताच्या आसपास जातो, म्हणजे चिन्हासह ६४ बिटांत मावतो. असे नऊ गुणाकार बेरजेत मावतात, दहावा मावत नाही. त्यामुळे मोठ्या मॅट्रिक्सचा गुणाकार करताना संपूर्ण ओळीची बेरीज झाल्यावर बाकी घेणे धोक्याचे ठरते.

बाकी ऋण येत असेल तर नियमात वजाबाकी आहे का ते पाहावे. सी, सी++ आणि जावामध्ये ऋण संख्येची बाकी ऋणच येते, पायथनमध्ये धन भाजक असताना ती धन येते. म्हणून पायथनमधून उतरवून घेतलेला कोड दुसरीकडे चुकतो. बाकीत भाजक मिळवून पुन्हा बाकी घेतली की हे मिटते. भागाकार मात्र असा सहज सुटत नाही. बाकी घेतलेल्या संख्येला थेट २ ने भागता येत नाही, तिला २ च्या मॉड्युलर व्यस्ताने (२ ने गुणल्यावर बाकी १ देणाऱ्या संख्येने) गुणावे लागते, आणि असा व्यस्त अस्तित्वात असण्यासाठी ज्याने भागायचे ती संख्या (इथे २) व मॉड्युलस, म्हणजे बाकी काढण्याचा भाजक, यांचा १ खेरीज सामाईक विभाजक नसावा लागतो.

प्रोग्रॅम संपत का नाही

इथपर्यंत सगळे जुळले आणि तरी उत्तर येत नसेल, तर वेगवान यंत्राचा विचार करण्याआधी क्रिया मोजाव्यात. आधीच्या दोन पदांसाठी स्वतःलाच दोनदा बोलावणारे साधे रिकर्शन ४० व्या फिबोनाची पदासाठी एकूण ३३११६०२८१ वेळा बोलावले जाते आणि क्रमांक एकाने वाढला की हा आकडा सुमारे १.६ पट होतो. काढलेली पदे साठवून ठेवली की हे ओझे जाते, पण रिकर्शनची खोली तशीच राहते. पायथनमध्ये रिकर्शनची मर्यादा मुळात १००० असते आणि ती नुसती वाढवत नेली तर संदेशाऐवजी प्रोग्रॅमच कोसळू शकतो. दोन चले घेऊन साधा लूप लिहिला की दोन्ही अडचणी एकदम संपतात. क्रमांक काही कोटींपर्यंत असेल आणि बाकीच हवी असेल, तर इथेच थांबावे. याहून हुशार काही लिहिण्याची गरज नाही.

बाकी नको, पूर्ण संख्या हवी असेल तर अंक किती असतील ते आधी पाहावे. १००० व्या फिबोनाची पदाला २०९ अंक आहेत, १० लाखाव्या पदाला २ लाखांहून जास्त. पायथन ३.११ पासून ४३०० हून अधिक अंकांचा पूर्णांक मजकुरात बदलताना चूक दाखवली जाते, त्यामुळे साधारण साडेवीस हजाराव्या पदापुढे गणित बरोबर होऊनही छापताना प्रोग्रॅम थांबतो. अशा वेळी लोक गणिताचा कोड उलथापालथा करत बसतात. खरे तर चूक दाखवणारा संदेश शेवटपर्यंत वाचला तर ही मर्यादा कशी वाढवायची तेही त्यातच सापडते.

क्रमांक १० च्या १८ व्या घाताएवढा असेल तर लूपही कामाचा नाही. सेकंदाला १०० कोटी पायऱ्या धरल्या तरी त्याला ३१ वर्षांहून अधिक काळ लागेल. इथून पुढे क्रमिकेचा नियम कोणत्या जातीचा आहे, यावर सारे अवलंबून असते.

नियम रेषीय असेल तर

पुढचे पद हे मागच्या ठरावीक पदांना स्थिर संख्यांनी गुणून केलेली बेरीज असेल, तर मॅट्रिक्सचा घात वर्ग करत करत काढता येतो. फिबोनाचीसाठी त्याहून सोपे रूप आहे:

पद(२क) = पद(क) × (२ × पद(क+१) − पद(क))
पद(२क+१) = पद(क) × पद(क) + पद(क+१) × पद(क+१)

पडताळणीसाठी क = ५ घ्यावे: ५ × (१६ − ५) = ५५ हे दहावे पद, आणि २५ + ६४ = ८९ हे अकरावे. क्रमांक दर पायरीला निम्मा होत असल्याने १० च्या १८ व्या घातालाही ६० पायऱ्या पुरतात. क्रमांक निम्मा करत जाऊन घात काढण्याची ही कल्पना पिंगलाच्या छंदःशास्त्रातही २ च्या घाताच्या गणनेत आढळते. नव्याने शिकणाऱ्याला ती अवघड वाटते तेवढी ती मुळात नाही.

इथले बिघाड ठरलेले असतात. सुरुवातीच्या मॅट्रिक्सला एककाऐवजी शून्य मॅट्रिक्स घेतलेली असते, किंवा घात एकाने चुकतो, किंवा ‘दुप्पट अधिक ३’ अशा नियमातील ३ साठी जास्तीची ओळ जोडायची राहून जाते. वरच्या पहिल्या सूत्रात वजाबाकी आहे हेही विसरू नये. ऋण बाकीचा प्रश्न तिथे पुन्हा डोके वर काढतो.

पदे फिरून येत असतील तर

पुढचे पद मर्यादित आकाराच्या स्थितीवरूनच ठरत असेल, तर ती स्थिती कधी ना कधी पुन्हा येणारच आणि तिथून चक्र सुरू होणार. फिबोनाची पदांचा शेवटचा अंक ६० पदांनी, शेवटचे दोन अंक ३०० पदांनी आणि शेवटचे तीन अंक १५०० पदांनी फिरून येतात. मात्र एकच अंक पुन्हा दिसला म्हणजे चक्र सापडले, असे नव्हे. पुढचे पद दोन पदांवर अवलंबून असल्याने लागोपाठच्या दोन पदांची जोडी परत आली पाहिजे.

दुसरी चूक अधिक छुपी आहे. ३ पासून सुरुवात करावी, प्रत्येक पदाचा वर्ग करून १ मिळवावा आणि फक्त शेवटचा अंक ठेवावा. पदे येतात: ३, ०, १, २, ५, ६, ७, ०, १, २… चक्राची लांबी ६ आहे, पण ३ हे पद चक्रात नाही, ते एकदाच येते. ३ ला पहिले पद मानून १०३ वे पद काढायचे असेल आणि १०३ ला ६ ने भागून उरलेल्या १ वरून पहिले पद उचलले, तर उत्तर ३ येते. खरे उत्तर ७ आहे. याच चुकीच्या कोडने १०० वे पद विचारले तर २ हे बरोबर उत्तर मिळते, आणि म्हणूनच हा बिघाड नमुना चाचण्यांतून सुटून जातो. चक्रापूर्वीची पदे आधी वजा करावीत, उरलेल्या क्रमांकाची बाकी घ्यावी आणि चक्राच्या आरंभापासून मोजावे.

नियम मागे वळून पाहत असेल तर

काही क्रमिकांना सगळा इतिहास लागतो. ‘वॅन एक’ (Van Eck) नावाच्या क्रमिकेत शेवटचे पद पूर्वी कधीच आले नसेल तर पुढचे पद ०, आणि आले असेल तर ते किती घरांपूर्वी आले होते ती संख्या: ०, ०, १, ०, २, ०, २, २, १, ६… तिचे दूरचे पद थेट देणारे सूत्र ज्ञात नाही, त्यामुळे एकेक पद काढत जाणे भागच असते. प्रश्न फक्त ते किती स्वस्तात काढायचे एवढाच. दर वेळी यादीत मागे शोधत गेले तर काही लाख पदांतच प्रोग्रॅम रांगू लागतो. प्रत्येक संख्या शेवटची कुठे दिसली ते अ‍ॅरेमध्ये टिपून ठेवले की दर पदाला ठरावीक काम उरते. पद नेहमी आपल्या क्रमांकापेक्षा लहान असते, म्हणून ३ कोटी पदांसाठी ३ कोटी घरांचा अ‍ॅरे पुरतो. ३२ बिटांच्या घरांना तो सुमारे १२ कोटी बाइट घेतो. पायथनच्या डिक्शनरीला याहून बरीच जास्त जागा लागते.

सगळी शून्ये येण्याचे लक्षण इथले आहे. चालू पदाची जागा आधी नोंदवली आणि मग मागची जागा वाचली, तर वाचली जाते ती आत्ताच लिहिलेली जागा, आणि अंतर कायम शून्य येते. आधी वाचावे, अंतर काढावे, मग लिहावे. जागा १ पासून मोजाव्यात, म्हणजे अ‍ॅरेमधील ० चा अर्थ ‘अजून दिसलेली नाही’ एवढाच राहतो.

कुठे थांबावे आणि कोणाला विचारावे

नियम रेषीय नाही, स्थिती मर्यादित नाही आणि क्रमांक शेकडो अब्जांच्या घरात आहे, अशी तिन्ही उत्तरे आली तर कोड सुधारण्याचे थांबवावे. अशा वेळी उत्तर असेल तर ते गणितात असते, आणि त्यासाठी संख्या सिद्धांत जाणणारी व्यक्ती हवी. रेषीय नियम हजारो मागच्या पदांवर अवलंबून असेल तर मॅट्रिक्स परवडत नाही. तिथे बहुपदींवर चालणाऱ्या पद्धती लागतात आणि त्या हाताने लिहिण्याऐवजी तपासलेली लायब्ररी वापरावी. फार दूरच्या मूळ संख्येबाबतही तेच. काही कोटींपर्यंत चाळणी (पटी खोडत जाऊन मूळ संख्या उरवण्याची पद्धत) पुरते, त्यापुढे मूळ संख्या मोजण्याच्या खास पद्धती आहेत.

नियमच माहीत नसेल आणि पदांवरून तो ताडायचा असेल, तर विशेष जपून राहावे. १, २, ४, ८, १६ यानंतर ३२ येईल असे कोणीही म्हणेल, पण वर्तुळावरील बिंदू जीवांनी जोडून होणारे जास्तीत जास्त भाग मोजले तर १६ नंतर ३१ येतात. पदे ऑनलाइन एन्सायक्लोपीडिया ऑफ इंटिजर सिक्वेन्सेसमध्ये शोधून पाहावीत. नियम रेषीय असून क मागच्या पदांवर चालतो असे मानायचे असेल, तर पदांवरून असा नियम काढणाऱ्या बर्लेकॅम्प-मॅसी पद्धतीला किमान २क पदे लागतात, आणि निघालेला नियम पडताळायला वेगळी काही पदे राखून ठेवावी लागतात. एवढी पदे हाताशी नसतील तर अंदाजावर कोड लिहू नये.

जाणकाराकडे जाताना नियम शब्दांत लिहून न्यावा, मोजणी कुठून सुरू होते ते सांगावे, क्रमांकाची कमाल मर्यादा व मॉड्युलस द्यावा, पहिले चुकलेले पद आणि त्याचे अपेक्षित मूल्य दाखवावे, आणि सोबत तो संथ पण बरोबर चालणारा साधा लूप द्यावा, कारण नव्या पद्धतीची पडताळणी त्यालाही त्याच लूपवर करावी लागणार असते.